त्र्याहत्तर मतांचा शब्द

३ मे, रविवार. सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. निवृत्त झाल्यावर माणूस ढिला पडतो, असे ही म्हणते. (ही म्हणजे आमची सौ.) मी पडणार नाही. चौतीस वर्षे क्वालिटी कंट्रोलमध्ये काढली आहेत. माझ्या सहीशिवाय एक नट कंपनीबाहेर गेला नाही.
संकल्प तीन. रोज चार किलोमीटर चालणे. रोज दहा कन्नड शब्द. आणि वॉर्डाच्या निवडणुकीत शिवलीला अक्कांना निवडून आणणे.
तिसऱ्याचे कारण नोंदवून ठेवतो. गेल्या गणपतीत ही दूर्वा आणायला गेली आणि आमच्या क्रॉसवरच्या (इथे आडव्या गल्लीला क्रॉस म्हणतात) उघड्या नाल्यात पडली. कमरेएवढे पाणी. लोक काठावर उभे राहून व्हिडिओ काढत होते. आमच्या वरच्या मजल्यावरच्या शिवलीला अक्का पदर खोचून आत उतरल्या आणि हिला बाहेर काढले. हिच्या मनगटात अजून प्लेट आहे. नाल्यावर स्लॅब पडावा म्हणून अक्कांनी तेव्हापासून सगळ्या ऑफिसांचे उंबरे झिजवले. शेवटी वैतागून स्वतःच अपक्ष उभ्या राहिल्या. मी मराठी मित्र मंडळाचा सेक्रेटरी. त्यांना शब्द दिला आहे: मंडळाची त्र्याहत्तर मते तुमची. शब्द म्हणजे शब्द.
आज चालणे झाले नाही. पहिला दिवस.

६ मे, बुधवार
कन्नड झपाट्याने सुधारते आहे. भाजीवाल्याला म्हटले, स्वल्प कडिमे माडि, म्हणजे जरा कमी करा. तो हिंदीत बोलला. त्याला हिंदीचा सराव करायचा असणार. रिक्षावाला माझे कन्नड ऐकून हसला. कौतुक वाटले असेल.
अक्का निपाणीकडच्या. हिच्याशी दिवसभर मराठीत बोलतात. मी मात्र त्यांच्याशी फक्त कन्नड बोलतो. बारा वर्षे बेंगळुरूच्या जे. पी. नगरचे पाणी पितो, त्या मातीचा मान राखायला नको? त्या उत्तर मराठीत देतात. माझे कष्ट वाचावेत म्हणून. स्वभावच तसा.

१० मे, रविवार. रात्री ८
मंडळाची सभा. माझे भाषण. विषय: उमेदवाराची श्रद्धा मतदाराने बघावी का? पन्नास मिनिटे. निष्कर्ष: बघू नये. म्हटले, नळ गळतो तेव्हा आपण प्लंबरचा देव विचारतो का? टाळ्या. (मोजल्या नाहीत, पण बऱ्याच.)
मग खजिनदार दयानंद उठले. म्हणाले, प्लंबर तासाभरात घरी जातो, नगरसेवक पाच वर्षे बसतो. देवाला भिणारा असला तर खाताना हात जरा तरी कापतो. तो समोरचा उमेदवार नागराज बघा, प्रत्येक पोस्टरवर तीन देव आणि खाली हात जोडलेला स्वतः. तुमच्या अक्कांना कुणी कधी देवळात पाहिलंय का? घरी देवघर तरी आहे का?
मी म्हटले, हा प्रश्नच गैरलागू आहे. बसा. बसले.
घरी येताना हिला सहज विचारले, अक्कांकडे देवघर आहे का गं? ही म्हणाली, सहा वर्षे जातेय, लक्ष नाही दिलं. सहा वर्षे! बायकांचे निरीक्षण म्हणजे शून्य.
मला काही फरक पडत नाही. फक्त माहिती असावी.

११ मे, सोमवार
डोक्यातून जात नाही. चालायला निघालो तो बसवनगुडीपर्यंत बसने जाऊन आलो. तिथल्या दोन देवळांत अक्का दिसतात का पाहिले. नव्हत्या. म्हणजे तिसऱ्या देवळात असू शकतात. डेटा अपुरा.

१३ मे, बुधवार
हिला म्हटले, आज शिरा कर, प्रसादाचा. कसला प्रसाद म्हणाली. म्हटले, असाच. द्रोण घेऊन स्वतः वर गेलो. अक्का पत्रकांचे गठ्ठे बांधत होत्या. त्यांनी डाव्या हाताने गठ्ठा धरूनच उजव्या हाताने द्रोण घेतला, उभ्या उभ्या तसाच तोंडाला लावून खाल्ला आणि गूळ घालतात का साखर, एवढेच विचारले. कपाळाला लावला नाही. पण दोन्ही हात गुंतलेले असताना मीसुद्धा लावला नसता. इनकन्क्लुझिव्ह.

१५ मे, शुक्रवार
आज मोठी संधी. वर गेलो तर अक्का गल्लीत प्रचाराला, त्यांचे दार शिवानीने उघडले. (शिवानी, आमची कन्या. के. आर. पुरमला राहते, आयटीत आहे. पंधरा दिवस रजा टाकून अक्कांचा प्रचार करते. माझ्या वाढदिवसाला तिला कधी अर्धा दिवस मिळाला नव्हता.) ती फोनवर होती. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात एक कोनाडा, त्याला पडदा. लाल. देवघरालाच असा पडदा असतो. दोन बोटांनी जरासा बाजूला केला.
पाण्याचा फिल्टर.
मागे अक्का उभ्या. केव्हा आल्या कळले नाही. मी म्हटले, नीरु, नीरु. म्हणजे पाणी. त्यांनी पेला भरून दिला. प्यायलो. दुसराही दिला. तोही प्यायलो. जिन्यात घाम फुटला. अर्थात उकाडाही आहे.

१६ मे, शनिवार. सकाळी ११
निर्णय. आडून आडून बस्स. मर्द माणसाने सरळ विचारावे. विचारले.
अक्का जिन्यात भेटल्या. खांद्याला पिशवी, चेहरा उन्हाने रापलेला. त्र्याहत्तर मतांचे सगळे ठीक आहे ना, असे त्यांनी मराठीत विचारले. म्हटले, होय होय. मग सूर लावून कन्नडमध्ये विचारले. बाईमाणसाला एकदम देवावरून टोकणे बरे दिसत नाही, म्हणून 'देव' हा शब्द खुबीने गाळला. श्रद्धेला कन्नडमध्ये नंबिके म्हणतात. तेवढाच प्रश्न केला.
"नंबिके इदेया?"
अक्का थांबल्या. पिशवी पायरीवर ठेवली. डोळ्यांत पाणी आले.
"खंडिता."
एवढेच. आणि वर गेल्या.
मी जागीच उभा. खंडित! श्रद्धा खंडित! केवढे दुःख झाले असेल बिचारीला, म्हणून ती तुटली. डोळ्यांतले पाणी उगीच नाही. एका माणसाने आपल्याजवळ मन उघडे केले. हे माझ्याबरोबर चितेवर जाईल.

त्याच दिवशी. संध्याकाळी ५.३०
विचार केला. मी सेक्रेटरी. मंडळाने माझ्या शब्दावर मते द्यायची तर ट्रान्सपरन्सी हवी. माल जसा आहे तसा दाखवावा, निर्णय गिऱ्हाइकाचा. मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अत्यंत संतुलित संदेश टाकला. जसाच्या तसा: "शिवलीला अक्कांची देवावरील श्रद्धा खंडित झाली आहे, असे त्यांनी स्वतः मला सांगितले. तथापि मतदानात याचा विचार करू नये, हे माझे मत सर्वांना ठाऊक आहेच."
'तथापि'मुळे तोल आला आहे.
दयानंदांचा अंगठा आला. आणखी एकोणीस अंगठे.

१८ मे, सोमवार
संदेश फिरतो आहे. फिरतो म्हणजे पिसाटला आहे. कुणीतरी त्याचे कन्नड केले. 'तथापि'पासून पुढचे सगळे गळाले. सकाळपासून नागराजची रिक्षा भोंगा लावून क्रॉसवर फेऱ्या मारते: देवाला न मानणाऱ्यांना ओळखा. नाव घेत नाहीत. आमच्या बिल्डिंगसमोर मात्र वेग कमी करतात.
दूधवाल्याने अक्कांना विचारले म्हणे. समोरच्या बिल्डिंगमधल्या बायकांनी पत्रके परत केली. अक्कांच्या दारावर कुणीतरी कागद चिकटवला, तो हिने नखांनी खरवडून काढला, प्लेटच्या हाताने. काय लिहिले होते ते सांगत नाही.
दुपारी शिवानी आली. फोन माझ्यापुढे धरला. म्हणाली, बाबा, हे तुमचं आहे. म्हटले, कशावरून? म्हणाली, 'तथापि' अख्ख्या बेंगळुरूत दुसरं कोण लिहितं? मी म्हटले, तथापि हा शब्द कुणाच्या मालकीचा नाही. ती जेवायला थांबली नाही.
रात्री हिने ताट वाढले आणि समोर बसली. ती एरवी भांडते, आज आवाजसुद्धा चढवला नाही.
"मी नाल्यात होते तेव्हा वरून आलेला हात धरला. त्या हाताला देव ठाऊक आहे का, असं विचारत बसले असते तर आज तुमच्या भिंतीवर असते, हार घालून."
मी म्हटले, माझा मुद्दा तोच तर आहे, बघू नये. ती उठली.

१९ मे, मंगळवार
लोकल चॅनेलवाले आले होते. अक्कांना विचारले, तुम्ही देव मानता का? मी जिन्यात उभा. अक्का म्हणाल्या, हे सांगणार नाही, नाल्याचे विचारा. त्यांनी पुन्हा विचारले. अक्कांचे तेच उत्तर. बाहेर लोक कुजबुजले, सांगत नाही म्हणजे पाणी मुरतंय.
वाईट वाटले. आणि खरे सांगायचे तर थोडा अभिमानही. जगाला सांगितले नाही ते मला सांगितले.
चालणे बंद. रस्त्यात लोक विचारतात.

२१ मे, गुरुवार. दुपारी १२
घाईत लिहितो आहे, अक्षराकडे दुर्लक्ष.
भगवंतराव तंजावरचे लग्न आटोपून परत आले. मंडळाचे सर्वांत जुने सभासद. त्यांचे पूर्वज शहाजीराजांबरोबर इथे आले, ते इथलेच झाले. मराठी बोलतात पण त्यात निम्मे कन्नड. फोन बटणांचा, त्यामुळे ग्रुपवर नाहीत. भेटायला आले. मी विचारले, उद्याच्या मंडळाच्या बैठकीला येणार ना? ते म्हणाले, "खंडिता."
मी म्हटले, अरेरे, का खंडित? काय अडचण आली?
भगवंतराव हसले. खोकला येईपर्यंत हसले. म्हणाले, अहो खांबेटे, खंडिता म्हंजे नक्की. शंभर टक्के. बारा वर्षं ह्या ऊरात (म्हणजे गावात) राहून तुम्हाला इतकं स्वल्पपण कन्नड येत नाही?
ही चहा घेऊन दारात उभी.
मी म्हटले, हा दुसरा अर्थ मला ठाऊकच होता.

त्याच दिवशी. दुपारी ३
शांतपणे विचार. चूक झाली नाही. भाषिक अंतर पडले. दुरुस्ती करायची. निवडणूक रविवारी, आज गुरुवार. वेळ भरपूर. ही म्हणते, आत्ता टाका, एक ओळ: मला कन्नड येत नाही, अक्का नक्की म्हणाल्या होत्या. असे कसे टाकणार? सेक्रेटरी आहे मी. भाषेचा डौल असतो.
मसुदा एक: "किंचित भाषिक सुधारणा." फार कोरडे.
मसुदा दोन: "द्राविड भाषांतील तत्सम शब्दांच्या अर्थच्छटा." दीड पान झाले. चांगले आहे, पण लांब.

२२ मे, शुक्रवार. सायंकाळी ६.१५
मसुदा पाच तयार. टाकणार इतक्यात लक्षात आले की सहा वाजता प्रचार थांबला. आता उमेदवाराबद्दल काही लिहिणे म्हणजे आचारसंहितेचा भंग. हात बांधले गेले. नियम म्हणजे नियम. सव्वासहा. पंधरा मिनिटांनी हुकले.
(हिचे म्हणणे, दुपारी दोनपासून तयार होता, तुम्ही स्वल्पविराम हलवत होतात.)
शिवानी फोन उचलत नाही.

२३ मे, शनिवार
एक नवीन मुद्दा सुचला आहे आणि तो मला सोडत नाही. श्रद्धा नक्की आहे, ठीक. पण कुणावर? नक्की म्हणजे नक्की कोणता देव? हे अक्कांनी सांगितलेले नाही. मला फरक पडत नाही. पण पडणाऱ्यांचाही विचार करायला हवा.
अक्का जिन्यात दिसल्या. आवाज बसला आहे. पाय सुजलेत. मी पटकन आत आलो.

२४ मे, रविवार. सायंकाळी ६.०५
मतदान केले. कुणाला, ते लिहीत नाही. मत गुप्त असते, स्वतःच्या वहीतसुद्धा.
ही आणि मी बरोबर गेलो. येताना ही नाल्याच्या बाजूने चालली नाही, लांबून वळसा घेतला. नेहमीच घेते. मी आजच पाहिले.
पाच पंचावन्नला ग्रुपवर टाकले: "मागील संदेशात 'खंडित'ऐवजी 'निश्चित' असे वाचावे. चूक भूल द्यावी घ्यावी." मतदान सहाला संपते. पाच मिनिटे होती. कर्तव्यात कसूर नाही.
दयानंदांचा अंगठा आला.

२७ मे, बुधवार. दुपारी ४
नागराज एकेचाळीस मतांनी निवडून आला. दयानंद म्हणाले, मंडळाची साठेक मते तिकडे गेली असावीत. सहज बोलावे तसे म्हणाले. खाली फटाके वाजले. धूर घरात आला.
तीन वाजता अक्का खाली आल्या. हिच्या मनगटाला लावायचे तेल घेऊन. आपले हरलेपण बाजूला ठेवून तेल घेऊन! शिवानीही बरोबर. ती माझ्याकडे न बघता खिडकीशी उभी राहिली.
मी उठलो. कन्नडमध्ये क्षमा मागायची दोन वाक्ये सकाळपासून पाठ केली होती. "क्षमिसि" एवढे म्हणालो. अक्कांनी हात वर केला.
"मराठीत बोला की आता तरी."
मग बोललो. तो संदेश माझाच, म्हटले. त्या म्हणाल्या, सोमवारीच कळलं. मी विचारले, मग त्या चॅनेलवाल्याला सांगून का टाकलं नाहीत, मानते म्हणून? त्या म्हणाल्या, मानते म्हणून सांगू का मानत न्हाई म्हणून? एकदा ते सांगितलं की मग नाल्याचं कोण इचारतंय? उद्या दुसऱ्या बाईला हेच इचारतील, आणि म्हणतील, ती शिवलीला बोलली, तू बोल.
मी म्हटले, पण मला तर तुम्ही त्या दिवशी जिन्यात सांगितलंत. नंबिके इदेया विचारलं तर खंडिता म्हणालात.
अक्कांच्या कपाळाला आठी पडली. आठवत होत्या. मग आठवले, आणि त्यांचा चेहरा असा झाला की माझी बोटे आपोआप खुर्चीच्या हाताला गेली.
"ते देवाचं इचारत होतासा व्हय? मला वाटलं, तुमचं इचारालायसा. त्र्याहत्तर मतांचा शब्द दिला, माझ्यावर इस्वास हाय का, म्हणून. सगळे सोडून चालले होते त्या आठवड्यात. म्हणून म्हणलं, खंडिता."
ही आत गेली. नळ सोडल्याचा आवाज आला, भांडे कुठले नव्हते. अक्कांनी तेलाची बाटली टेबलावर ठेवली, झाकण घट्ट आहे का बघितले आणि शिवानीला घेऊन वर गेल्या. त्या देव मानतात की नाही, ते मला अजून माहीत नाही. आता विचारणार नाही.

त्याच दिवशी. ५.२०
एक नोंद राहिली. रविवारी मी मत नागराजला दिले. शेवटच्या क्षणी वाटले, निदान तो देवाचे नाव तरी घेतो. पन्नास मिनिटांचे भाषण माझेच होते. ही नोंद खोडणार होतो, पण खोडली नाही.
आजचा कन्नड शब्द, एकच: नंबिके. अर्थ दोन आहेत. मला पहिलाच पाठ होता.